व्हेरी हेवी आजोबा

एका रविवारी आजोबांनी ठरवलं, आता नातीशी इंग्रजीत बोलायचं. इंग्रजी येत नव्हतं, पण ठरवायला कुठं ते लागतं?

नात परदेशात जन्मलेली, तिथंच वाढणारी. आजोबांनी तिला अजून एकदाही जवळ घेतलं नव्हतं. आठवड्यातून एकदा ती फोनच्या पडद्यावर यायची, ‘हाय’ म्हणायची. आजोबा हसायचे. मग पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही आणि ती आपल्या खेळण्यांकडे निघून जायची. पडद्यावर तिची रिकामी खुर्ची उरायची. आजोबा त्या खुर्चीकडेही बराच वेळ बघत बसायचे. आजी म्हणायची, “खुर्ची काही बोलणार नाहीये. ठेवा आता.”

अगदीच इंग्रजी नव्हतं असंही नाही. सारा जन्म मालाच्या गोदामात ओझी उचलण्यात गेलेला. खोक्यांवर जे छापलेलं असे, तेवढं पाठ होतं. हेवी, बल्की, जम्बो, ओव्हरसाइज. (नाजूक मालाच्या खोक्यांवरही काहीबाही लिहिलेलं असायचं, पण ती खोकी मुकादम त्यांच्या हाती देत नसे.)

त्या रविवारी आजोबांच्या खिडकीत मांजर येऊन ओरडलं. नातीनं विचारलं, “बिग कॅट?”

आजोबांनी मनातल्या मनात गोदाम धुंडाळलं आणि म्हणाले, “जम्बो.”

नात खेळण्यांकडे निघाली होती, ती परत येऊन बसली. झालं. त्या एका शब्दानं घात केला.

घर कसं आहे? ओव्हरसाइज. (दोन खोल्या. एकीत कुणी उभं राहिलं तर दुसऱ्यानं दुसरीत जावं.) आणि आजोबा? “हेवी,” आजोबा म्हणाले, आणि तिचे डोळे विस्फारलेले बघून भर घातली, “व्हेरी हेवी.” ओल्या कपड्यांनिशी काट्यावर उभं केलं असतं, तरी काट्यानं मनावर घेतलं नसतं असा हा माणूस. पण नीट दिसावं म्हणून ते फोन नाकाशी धरायचे, त्यामुळं नातीनं जन्मात त्यांचं नाक आणि मिशा यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं. तेवढ्यानंच पडदा भरायचा. तिनं विश्वास ठेवला.

शब्द लवकरच संपले. आजोबा गोदामाच्या कारकुनाकडे गेले आणि आणखी मोठे शब्द मागितले. कारकुनानं ह्यूज दिला, मॅसिव्ह दिला, पुढच्या खेपेला एनॉर्मस दिला आणि मग विचारलं की घरात एवढं मोठं आहे तरी काय. आजोबा म्हणाले, “काही नाही. नात थांबते जरा वेळ.” त्यावर कारकुनानं जायगँटिक आपणहून दिला.

मग एके दिवशी लेकीनं सांगितलं, आम्ही सुट्टीत येतोय. पोरीनं चित्र काढलंय. घराच्या छपरातून आजोबांचं डोकं वर आलंय आणि खांद्यावर ती बसलीय.

आजोबांचं जेवणावरचं मन उडालं. किती वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो आला आणि त्यांना वाटू लागलं, थोडा पुढं ढकलता आला तर बरं. एवढ्या लांबून येऊन पोर हिरमुसली तर? पुन्हा खेळण्यांकडे निघून गेली तर? त्यांनी आजीला विचारलं, माणूस थोडा मोठा दिसायला काय करतात.

“या वयात फुगायचं तेवढं राहिलं होतं,” आजी म्हणाली. पण तिनंच ट्रंकेतून दोन स्वेटर काढून दिले.

गाडी दारात थांबली, तेव्हा आजोबा दोन्ही स्वेटर चढवून, जावयाचे इथंच राहिलेले जाड तळांचे जुने बूट घालून, भर उन्हात पायरीवर उभे होते. शेजारी, खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका खुर्चीत बसले होते. खुर्ची होती हे अंदाजानं समजायचं, कारण ती दिसत नव्हती.

नात उतरली, धावली आणि आजोबांच्या बाजूनं जाऊन शिंपीकाकांच्या पोटाला तिनं कडकडून मिठी मारली.

शिंपीकाकांनी हात वर केले, जणू कुणी माप घेतंय. लेक हळूच म्हणाली की हे नव्हेत गं, ते. नात वळली. स्वेटरांवरून घाम निथळणाऱ्या त्या चिमुकल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली. आजोबांच्या जवळचे सगळे शब्द मोठे होते. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

“सॉरी,” ते म्हणाले, आणि ती खांद्यावर बसणार होती म्हणून तिला उचलायला वाकले. पोर चांगली खाऊनपिऊन वाढलेली. जमिनीवरून हलेना. जन्मभर पोती उचललेला माणूस नातीपुढं हरला.

नात आईला काहीतरी म्हणाली. लेक हसू दाबत म्हणाली, “बाबा, ती म्हणतेय, तुम्ही राहू द्या. मीच उचलते.”

आणि तिनं उचललं. आजोबा वर गेले, बूट खालीच राहिले. त्यांचा गाल तिच्या केसांना लागला. केसांना प्रवासाचा, साबणाचा आणि कसला तरी गोड वास होता. तो फोनमधून कधीच आला नव्हता. त्यांनी डोळे मिटले.

“राहू दे असंच जरा वेळ,” ते पुटपुटले.

पण हे मराठीत होतं. नातीनं त्यांना नीट खाली ठेवलं, हात झटकले, बाह्या सरसावल्या आणि ती शिंपीकाकांकडे वळली.