दारातला किरण

सदा परब घोडपदेवच्या चाळीतल्या स्वतःच्या खोलीत कमरेत वाकून शिरतो. दार सहा फुटी, परब सव्वापाच फूट. शेजारच्या बाईंना वाटतं, म्हातारा उंबऱ्याला नमस्कार करतो. भाविक आहे!

भाविक कसला? मी त्याच्याबरोबर वीस वर्षं काढली आहेत. घोडे अडथळ्यांवरून उड्या मारतात त्या स्पर्धांत वेळ मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र परब चालवायचा, मी शेजारी बसून निकाल लिहायचो. सुरुवातीला दोन खांब, शेवटाला दोन, मध्ये न दिसणारा किरण. घोड्याने पहिला किरण तोडला की घड्याळ सुरू, शेवटचा तोडला की बंद.

"ऑपरेटरने किरण तोडायचा नाही," हा परबचा धर्म. यंत्र बंद असलं तरी तो खांबांमधून वाकूनच जायचा. घरीही तेच. वहिनी "जेवायला या" म्हणाल्या की हा विचारायचा, "किती सेकंदांत?"

"त्या घोड्यांतच जाऊन राहा!" वहिनी म्हणायच्या. त्या गेल्या, आणि विचारायलाही कुणी उरलं नाही.

आता माझं सांगतो. एका अंतिम फेरीत घोडा शेवटच्या अडथळ्याच्या अलीकडे असतानाच घड्याळ थांबलं. आरडाओरडा झाला. परबने चुकून बटण दाबलं असं ठरलं, त्याला बोलावणं बंद झालं आणि त्याची खुर्ची मला मिळाली. किरण मी तोडला होता. वळसा वाचवायला खांबांमधून आलो होतो. बारा वर्षं गप्प बसलो.

गेल्या महिन्यात करी रोडहून चालत त्याच्याकडे गेलो. आत पाऊल टाकलं आणि टीं वाजलं. दाराच्या दोन्ही बाजूंना मोडीत निघालेले तेच खांब. कपाटावर लाल आकडे थांबले होते. दोनशे अकरा तास.

"हे काय रे?"

"मागचा पाहुणा गेल्यापासून तू येईपर्यंतची वेळ. माझं येणं-जाणं धरायचं नाही. मी ऑपरेटर."

"मागचा कोण?"

"गॅसवाला."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. परब गॅस पेटवत होता. वळलासुद्धा नाही.

"ठाऊक आहे. मी बघितलं ना. तुझ्या दोन्ही हातांत चहा होता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? त्यातला एक माझा होता."

चहा झाला. मी निघालो तेव्हा मागे टीं वाजलं. घड्याळ सुरू झालं होतं. जिन्यापर्यंत गेलो, कठड्याला हात लावला. मग वळलो आणि ताठ चालत पुन्हा त्या दारातून आत शिरलो.

परब चष्मा सावरत आकड्यांकडे बघत होता.

"अठरा सेकंद, चाळीस शतांश," तो म्हणाला. "या घराचं रेकॉर्ड आहे, मेल्या. बस."