वादळ्याचं लग्न

"त्यात काय एवढं! मी बघून येते आणि तुम्हाला जस्साच्या तस्सा सांगते!" घड्याळजींची बायको म्हणाली आणि निघालीच.

मुखवटा घालून लढणाऱ्या वादळ्याच्या चित्रकथांचे अंक घड्याळजी शाळेपासून वाचत आलेले. बायको त्या अंकांना रद्दी म्हणायची. आता वादळ्यावर सिनेमा निघाला आणि नेमकं ह्यांच्या हृदयानं अंग टाकलं! फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं. घड्याळजींचं एकच पालुपद, "माझ्या वादळ्याची वाट नाही ना लावली, एवढं कळू दे. मग मी सुटलो!"

बाई थिएटरात गेली ती चुकीच्याच सिनेमाच्या दारातून आत शिरली. त्यात चष्मा घरी! पडद्यावर एक पाववाला प्रेमात पडला, रडला, शेवटी त्याचं लग्न झालं. तीही पोटभर रडून घरी आली.

"सांग!" घड्याळजी म्हणाले.

"तर, तो पहाटे उठून भट्टी पेटवतो."

"कोण?"

"वादळ्या!"

"वादळ्या पाव भाजतो?"

आत्ता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला! पण नवरा इतक्या आशेनं बघत होता की खरं सांगायला जीभच रेटेना.

"दिवसा भाजतो हो. रात्री मारामाऱ्या!"

"आणि मुखवटा?"

"पिठानं खराब होतो, म्हणून काढून ठेवतो."

"खलनायक कोण?"

"मुलीचा बाप! महाखडूस. पण शेवटी लग्न लावून देतो."

"वादळ्याचं लग्न?" घड्याळजींना ठसकाच लागला.

तेवढ्यात दाढी करायला न्हावी आला. त्यानं सिनेमा कालच पाहिला होता!

"ये, तू सांग. वादळ्याचं लग्न होतं?"

पलंगामागून बाईनं हात जोडले, डोळे वटारले, पुन्हा हात जोडले.

"होतं की!" न्हावी म्हणाला. "मी तर ढसाढसा रडलो!" आणि गडबडीत त्यानं साबणाचा ब्रश घड्याळजींच्या कानात फिरवला. बाई तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली.

ती परत आली तेव्हा घड्याळजींनी अर्ध्या दाढीनिशीच निकाल दिला. "सगळं चुकवलंय मेल्यांनी! पण बरं केलं. बिचारा जन्मभर एकटा हिंडत होता. दहापैकी दहा!"

त्याच आठवड्यात घड्याळजी गेले.

न्हावी भेटायला आला आणि त्याला राहवेना. "काकू, तुम्ही आत गेलात ना, तेव्हा काकांनी हळूच विचारलं होतं, खरा सिनेमा कसा आहे रे? मी म्हटलं, तद्दन बेकार. तर म्हणाले, मग हिचाच खरा धरू. तिला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाई चष्मा लावून, दारावरच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारून, बरोब्बर जागी जाऊन बसली. वादळ्यानं इमारती पाडल्या, शहर वाचवलं आणि शेवटी एकटाच उडून गेला.

"मस्त होता ना, आजी?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

"डोंबलाचा मस्त! लग्नच दाखवलं नाही!" ती खेकसली. आणि झाडूवाला येऊन "बाई, पाय उचला" म्हणेपर्यंत तिथंच रडत बसली.