हुरड्याचं कनेक्शन

पातूरच्या बसस्टँडमागे दिनकरभाऊंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, आणि तिथे गाडीच्या मालकाला बोलायला बंदी आहे. तुम्ही "भाऊ, काय झालं ना की" एवढं म्हणालात की ते हातातला टेस्ट लॅम्प वर धरतात. स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी आणि एका वायरीच्या टोकाला गोधडीची सुई, असं ते घरगुती हत्यार.

"तुमी चूप बसा. गाडीले बोलू द्या."

मी शाळेत शिकवतो. दिवसभर मुलांना गप्प बसवणाऱ्या माणसाला कोणी असं गप्प बसवलं की राग येतो. पण माझ्या गाडीच्या वायरिंगला हात लावावा असा गावात दुसरा माणूस नाही, आणि भाऊंना ते ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तो अगदी नाक मुठीत धरून. आईचं डायलिसिस अकोल्याला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सातला. एसटीत उभं राहण्याचं बळ तिच्यात उरलेलं नाही. आमची जुनी गाडी हाच आधार. वाटेत तिला भजनं ऐकता यावीत म्हणून मी अमरावतीहून मोठ्या पडद्याचा नवा स्टीरिओ बसवून आणला. त्यानंतर आठवड्याभरात गाडी दोनदा पहाटे मेली. पहिल्यांदा शेजाऱ्यांनी धक्का मारला. दुसऱ्यांदा पोचायला दीड तास उशीर झाला, मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. आईचे पाय सुजले, श्वास लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे तिचा नंबर लागला. ती रात्र मी विसरणार नाही.

"उद्या मंगळवार आहे, भाऊ," सोमवारी दुपारी मी लॅम्पला न जुमानता बोललो. "आईचं डायलिसिस आहे."

"किती वाजताचं?"

"सातचं."

"हं," म्हणाले आणि बॉनेटमध्ये शिरले.

दहा नंबरच्या पान्याने त्यांनी बॅटरीची मायनस वायर सोडवली आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये लॅम्प जोडला. चावी माझ्या खिशात, दारं बंद, तरी बल्ब मिणमिणत होता.

"पाहा सर. घर झोपलं हाये, आन् कोणी तरी सैपाकघरात दूध पिऊन राह्यलं."

मग एकेक फ्यूज काढून स्टीलच्या ताटात ओळीने मांडायला सुरुवात झाली. त्या ताटाला कोणी हात लावायचा नाही. स्टीरिओचा फ्यूज निघाला आणि बल्ब विझला. त्यांनी स्टीरिओ बाहेर ओढला. मी रात्री मोबाईलवर व्हिडिओ पाहून वायरींचे रंग पाठ केले होते.

"लाल वायर चावीची असते, आणि पिवळी..."

"रंगाचं मले सांगू नका. रंग म्हंजे लग्नातला फेटा. कोणाच्याबी डोक्यावर बांधता येते."

काळ्या चिकटपट्टीखाली दोन वायरी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या होत्या. भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, हुरड्याचं कनेक्शन मारून घेतलं ना?"

हुरड्याच्या दिवसांत आमच्याकडे शेतात गाडी उभी करतात, चारही दारं उघडतात आणि चावी न लावता गाणी लावतात. स्टीरिओला एक वायर कायम चालू असते, घड्याळ वगैरे लक्षात ठेवण्यापुरता घोटभर करंट घेणारी. दुसरी चावी फिरवल्यावरच जागी होते. दोन्ही एकत्र बांधल्या की चावी लागत नाही, पण मग स्टीरिओ झोपतही नाही. रात्रभर बॅटरी पीत बसतो. अमरावतीच्या फिटरने हे आपल्या मनाने केलं नव्हतं. मीच सांगितलं होतं. दोस्तांच्या चार हुरडा पार्ट्यांसाठी मी आईचा जीव टांगणीला लावला होता. मला लाज वाटली, आणि पहिल्यांदाच त्या दुकानात मी आपणहून गप्प बसलो.

वायरी वेगळ्या झाल्या. मी भजन लावा म्हणालो तर भाऊंनी रेडिओवर बाजारभाव लावले.

"गाण्यात घरघर लपते. तुरीच्या भावात नाई लपत."

खरंच, एक्सिलेटर दाबला की निवेदकाच्या मागे कुईं असा आवाज चढत होता. "अर्थिंग कच्ची हाये," म्हणत त्यांनी बोल्टखालचा रंग खरवडून वायर घट्ट आवळली. आवाज गेला.

"उद्या नक्की चालू होईल ना?"

"होईन."

मंगळवारी पहाटे साडेपाचला फाटक उघडलं, तर बाहेर मोपेडवर दिनकरभाऊ. कानाला मफलर, पायाशी एक बॅटरी. आमची गाडी एका चावीत सुरू झाली.

"तुमच्या कामावर तुमचाच भरोसा नाही का?" मी विचारलं.

"कामावर हाये. तुमच्या बॅटरीवर नाई. दोनदा मेलेली हाये ते."

आई काठी टेकत बाहेर आली. "एवढ्या थंडीत कायले आला रे दिनकर?"

"मंगळवारी जाग येतेच, काकू. तीन वर्सं आमच्या हिले नेत होतो ना अकोल्याले. ते गेली, पण जाग काई जात नाई."

त्यांची बायको वारल्याचं मला माहीत होतं. कशाने, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मंग घरी जाऊन काय करतं?" आई म्हणाली. "बस गाडीत."

अकोल्याला सिस्टर त्यांना पाहून थबकली. "दिनकरकाका! किती दिवसांनी!"

"गाडीसंगं आलो," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. चार तास ते आईशेजारी स्टुलावर बसले. सुईच्या हाताखालची उशी अधूनमधून सरळ करत होते. तसं करायचं असतं हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं.

मी लगेच नवी बॅटरी टाकली. शुक्रवारी पहाटे भाऊ पुन्हा फाटकाशी हजर, पायाशी बॅटरी.

"भाऊ, आता तर नवी आहे."

"नवीचा काय भरोसा?"

मी वाद घातला नाही. आईने डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवायला सांगितल्या होत्या, आणि मागच्या सीटवर ती आधीच एका बाजूला सरकून बसली होती.