अण्णांचं रिकामं पार्किंग

आमच्या वारज्याच्या सोसायटीत नव्या माणसाने अण्णांना पत्ता विचारू नये. "बी विंग? ह्या हरभऱ्याच्या वावरातनं सरळ जावा, बांधाला डावीकडं वळा," असं ते लिफ्टकडे बोट दाखवून सांगतात. ही जमीन पूर्वी त्यांचीच. बिल्डरला दिली आणि बदल्यात एक फ्लॅट नि एक पार्किंग घेतलं.

इतरांच्या भिंतीवर देवाची तसबीर असते, अण्णांच्या भिंतीवर जुना सरकारी नकाशा आहे, डोंगरउताराच्या तपकिरी रेघांचा. चहाआधी तो बघावाच लागतो. "ही आमची हीर. ह्या आज्या-पणज्याच्या समाध्या." या नकाशावर आख्खी सोसायटी मुगाच्या दाण्याखाली झाकली जाईल, असं मी एकदा म्हणालो. पेठेतला माणूस, राहवलं नाही. त्या दिवशी चहा आलाच नाही.

त्या समाध्या बिल्डरने गेटपाशी ऑइलपेंट फासून ठेवल्या आहेत. अण्णा त्यांना जाता-येता हात जोडतात, पण जीव सगळा पार्किंगवर. स्वतःची गाडी नाही, जागा भाड्यानेही देत नाहीत. कुणी स्कूटर टेकवली तरी "उचला," एवढंच म्हणतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणून आम्ही हसायचो.

मग कमिटीने पाण्याची टाकी नेमकी तिथेच खणायचं ठरवलं. सभेला अण्णा नकाशा फ्रेमसकट काखोटीला मारून आले.

"हितं खणू नगा."

"नकाशात इथे काहीच दिसत नाही, अण्णा," मी म्हणालो.

"नकाशात मोठ्यांच्या समाध्या असत्यात, मास्तर. सव्वा महिन्याची लेक बांधाला पुरली, तिची खूण कोण काढतंय?"

तान्ह्या मुलांना अग्नी देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टाकी मागच्या बाजूला हलवायचं ठरलं. मला माझ्या मुगाच्या दाण्याची लाज वाटली.

खाली आल्यावर मी हळूच विचारलं, "विहीर बुजली, बांध गेले. मग जागा सापडली कशी?"

"कुठली सापडती? नकाशावर हिरीपासनं दोरा लावला नि ही जागा मागून घेतली. पर हिला सांगितलंय, हितंच हाय म्हणून. तुमी बोलू नगा."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून वहिनींनी विचारलं, "काय ठरलं वो? पोरीला धक्का न्हाई ना?"

"न्हाई," अण्णा ठामपणे म्हणाले. "हाय तितंच हाय ती."