गुडघा बघितला का?

कुणाचं मांडीचं हाड मोडलं, की आळंदचे आमचे शेजारी काशीनाथअण्णा त्याच्या गुडघ्याची चौकशी करायला जातात. ओळख लागत नाही. खाटेजवळ काठी टेकवायची आणि विचारायचं, "गुडघा बघितला का?" नातेवाईक उत्तर द्यायला लागला की काठी त्याच्याकडे वळते. "तू गप की रे. पाय तुझा हाय का?"

अण्णा तुरीचे व्यापारी. पोत्याच्या तोंडाशी कितीही टपोरी तूर असो, कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढल्याशिवाय त्यांनी सौदा केलेला नाही. लग्नाच्या पंगतीतही भात तळापासून वाढायला लावतात.

हे गुडघ्याचं वेड मात्र माझ्यामुळे लागलं. अण्णांना मोटारसायकलवर मागे बसवून मी उमरग्याला निघालो होतो. रस्त्यावर शेतकऱ्यांनी तूर पसरली होती. वाहनं वरून गेली की आपोआप मळून निघते. मागून अण्णा "सावकाश, मास्तर" म्हणाले आणि मी नेमका ब्रेक दाबला. मोटारसायकल घसरली. अण्णांची मांडी भलत्याच जागी वाकली होती. तशातही त्यांनी अंगाखालची एक शेंग सोलली. "वली हाय. इतक्यात कामून मळायलेत?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठे दुखतंय?"

"गुडघ्यात..." अण्णांनी सुरुवात केली.

मी मधेच बोललो, "त्यांना कुरकुरायची सवयच आहे. मांडीचं तेवढं बघा." खरं सांगतो, आणखी एक दुखणं मला माझ्या नावावर नको होतं.

मांडीत सळई घातली, हाड जुळलं. पण चालायला लागल्यावर गुडघा दगा देऊ लागला. त्याच पडण्यात आतला लिगामेंट तुटला होता. मांडीच्या कळांपुढे गुडघा कुणी तपासलाच नव्हता. आता उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून भर बाजारात गुडघा लचकला की अण्णा आहेत तिथेच बसतात. "बसा म्हणायलाय. बसावं."

माझी मोटारसायकल मी पोत्यांखाली झाकून ठेवली, ती वर्षभर. एके सकाळी अण्णा दारात हजर. "मास्तर, गाडी काढा. एकाची मांडी मोडलीय." तेव्हापासून दर पेशंटकडे मीच त्यांना नेतो.

परवा हळ्ळीखेडचा एक म्हातारा शेतकरी होता. मांडीचं ऑपरेशन झालेलं. बाकी सगळं ठीक आहे, असं मुलगा सांगत होता. अण्णांनी त्याला गप्प केलं. म्हातारा हळूच म्हणाला, "गुडघा ढिल्ला वाटायलाय." डॉक्टरांनी तपासलं. लिगामेंटच होता. वेळेत सापडला.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "अण्णा, त्या दिवशी तुम्हाला मीच बोलू दिलं नाही."

"ऐकलंय की. मांडी मोडली व्हती, कान न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

अण्णा पाय उचलून मागे बसायची खटपट करत होते. "माजं पोरगं कारमधी नेतो म्हणून रोज भांडायलंय. पर मी कारमधी बसलो, की तुमची गाडी परत पोत्याखाली. व्हय का न्हाई?"

मी गाडी सुरू केली. खांद्यावर त्यांचा हात होता. पुढे रस्ताभर तूर पसरलेली दिसली आणि माझा पाय ब्रेकवर थबकला.

"चला, मास्तर," अण्णा म्हणाले. "औंदा वाळलेली हाय."