ताशी साडेपाच

सासऱ्याच्या मरणात जावयाचं तसं नुकसान काहीच नव्हतं. जमेच्या बाजूला मोटरसायकली दुरुस्त करायचं दोन लिफ्टचं वर्कशॉप होतं, भिंतीवर मापानुसार टांगलेले पाने होते, तीन प्रांतांतली गिऱ्हाइकं होती आणि दाराशी एक लाकडी खुर्ची होती, जिच्यावर सासरेबुवांखेरीज चौदा वर्षांत कोणी टेकलं नव्हतं. वजा बाजूला एक सासरा. तोही एकसष्टाव्या वर्षी, कार्ब्युरेटर साफ करताना, हातातला ब्रश न सोडता गेलेला. जावयाला रडू आलं ते खरंच होतं. रडताना त्याची नजर दोनदा खुर्चीकडे गेली, तेही तितकंच खरं.

अडचण एकच होती, मेहुणा. फरश्यांच्या दुकानात नमुने दाखवणाऱ्या या माणसाला नट कुठल्या बाजूला सैल होतो तेही ठाऊक नव्हतं. पण तो पोटचा होता, आणि जावई कितीही राबला तरी जावईच.

सासूबाईंनी दोघांना समोर बसवलं. "त्यांची एकच इच्छा होती. शेवटचं जाताना मागे रॅली असावी. ज्याच्या हातून ते नीट होईल, वर्कशॉपची किल्ली त्याची."

"आई, तुम्ही काही काळजी करू नका," मेहुण्याने तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला. "परवाच काढू रॅली."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? रॅली म्हणजे रॅली."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. जावयाला वाटलं, दुःखाने मिटले.

जावयाने जन्मात जेवढ्या रॅल्या बघितल्या त्या या गावातल्या. पुढे फोटो, मागे झेंडे, शंभरेक गाड्या आणि कान फुटेस्तोवर भोंगे. कशासाठी चालली आहे हे शेवटच्या चाळीस जणांना माहीत नसतं, आणि कोणी विचारतही नाही. सासरे मात्र तीन मुलखांत राहून आलेले. तरुणपणी डोंगरात, मग सपाटीवर, मग काही वर्षं बंदरावर. तिन्हीकडच्या क्लबांचे नंबर त्यांच्या वहीत होते. जावयाने तिघांनाही एकच निरोप धाडला: 'परवा शेवटची रॅली. सकाळी नऊला वर्कशॉपपासून सुरू, अकराला विद्युतदाहिनीत शेवट. अंतर अकरा किलोमीटर.' यात कोणाला काय शंका येणार?

बंदरवाले आदल्या दुपारीच आले. चाळीस गाड्या. त्यांनी वर्कशॉपसमोरच्या गल्लीत गाड्या दोन रांगांत लावल्या, फडक्याने पुसल्या, तंबू ठोकले आणि घडीच्या खुर्च्या टाकून बसले. सकाळी शववाहिका गल्लीत शिरेना, तेव्हा जावई त्यांच्या म्होरक्याकडे गेला. हा दाढीवाला मनुष्य वही घेऊन एकेक गाडी तपासत होता.

"काका, जरा गाड्या हलवता का?"

"हलवू? रॅली संपल्यावर हलवू."

"अहो, रॅली सुरू व्हायचीय."

"सुरू कालच झाली. आमच्याकडे रॅली म्हणजे जमायचं. चालवून झाल्यावरच माणूस जमतो ना? आता दोन दिवस कोणी किल्ली लावणार नाही." एवढं बोलून त्याने सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलला 'मूळ स्थितीत जतन' असं लेबल चिकटवलं, आणि मग स्ट्रेचरवरच्या सासऱ्यांकडे असं काही बघितलं, की जावयाने घाईघाईने पांढरी चादर वर ओढली.

शेवटी स्ट्रेचर खांद्यावरून गल्लीच्या तोंडाशी न्यावं लागलं. तिथे सपाटीवाले उभे होते. साठ-सत्तर जण, अंगावर नंबर, इंजिनं घुरघुरत.

"दाजी, हे विचारतायत रेघ कुठेय," मेहुणा म्हणाला.

"कसली रेघ?"

"सुटायची," सपाटीवाल्यांतला सात नंबर म्हणाला. "आणि रस्ता बंद केलाय ना? मागच्या वेळी एका ठिकाणी बैलगाडी आडवी आली. काका हयात असते तर असलं चाललं नसतं."

जावयाने त्यांना सबुरीने घ्यायला सांगितलं आणि तो डोंगरवाल्यांकडे वळला. ते अवघे सात जण होते. त्यांच्या मुलखात रॅली असली की रस्त्याकडेला माणसांच्या भिंती उभ्या राहतात. इथे त्यांच्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. सगळ्यांच्या गळ्यात घड्याळं. पुढे एक हडकुळ्या बाई होत्या. सासूबाई त्यांना घड्याळबाई म्हणत होत्या.

"सरासरी किती धरायची?" घड्याळबाईंनी विचारलं.

आपल्याला कळत नाही हे कळू द्यायचं नाही, ही जावयाची जुनी खोड. "अकराला पोचायचं," तो म्हणाला. "ठोक अकराला."

"नऊला सुटून अकरा किलोमीटर, दोन तास. म्हणजे ताशी साडेपाच." घड्याळबाईंनी भुवई उचलली. "कठीण पेपर काढलात. मधे तपासणीची ठिकाणं लपवलेली असतील ना?"

"असतीलच."

"दंड नेहमीचा? उशिराला सेकंदाला एक, लवकरला दोन?"

"लवकर आलं तर जास्त?" जावयाला राहवलं नाही.

"उशीर कोणालाही होतो हो. लवकर पोचणारा मुद्दाम पोचतो."

"आणि भरायचा कोणी?"

"जोडीने. चालवणारा आणि मागे घड्याळ धरणारा, दोघांच्या नावावर पडतो." त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई शववाहिकेत पुढे बसून गळ्यात काहीतरी अडकवत होत्या.

हे सात जण त्यातल्या त्यात शिस्तीचे दिसले, म्हणून जावयाने शववाहिका त्यांच्या मागे लावली आणि स्वतः मागे स्ट्रेचरजवळ बसला. कागदपत्रं मेहुण्याकडे दिली. निदान फाईल धरून मिरवू दे बिचाऱ्याला. मेहुणा फाईल घेऊन सात नंबरच्या मागे बसला. नऊला घड्याळबाईंनी हात खाली केला. सपाटीवाले बंदुकीतून सुटल्यासारखे गेले. धूळ खाली बसली तेव्हा डोंगरवाले दहा पावलं पुढे गेले होते.

ताशी साडेपाचने माणूस चालतो. मोटरसायकल या वेगाने पडते, आणि पडू नये म्हणून डोंगरवाले दोन्ही पाय जमिनीवर घासत, बदकांच्या चालीने चालले होते. एक म्हातारी पिशवी घेऊन त्यांच्या शेजारून पुढे निघून गेली. शववाहिकेचा चालक क्लच दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

"साहेब, जळका वास येतोय."

"अजून दाहिनी लांब आहे," जावई म्हणाला, आणि मग त्याला कळलं की वास क्लचचा आहे.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. जावयाने कापला. दुसऱ्यांदा आला, तोही कापला. पुढे पोचून शहाणपणा शिकवायला करत असणार. तिसऱ्यांदा आला तेव्हा गाडी पुलाच्या चढावर होती. जावयाने फोनच बंद केला, आणि क्लचनेही तोच मुहूर्त धरला. दोन किलोमीटर झाले होते. नऊ वाजून बावीस.

"आता?" चालकाने हात झटकले.

सासूबाई खाली उतरल्या. "त्या दाढीवाल्याकडे साइडकारची गाडी आहे. तंबू आणायची, सपाट फळीची. जाऊन घेऊन या."

"आई, ते किल्ली लावणार नाहीत. त्यांची रॅली—"

"त्यांना सांगा, मी मागितलीय."

जावई पळत गेला. दाढीवाल्याने निरोप ऐकून खिशातून किल्ली काढून दिली. गाडी पुलावर आणून फळीवर स्ट्रेचर दोरीने नीट बांधून होईतो दहाला दहा मिनिटं राहिली. जावई पुढे बसला. गेली चौदा वर्षं त्याला जे हँडल धरायचं होतं ते एकदाचं हाती आलं होतं, सासरेही शेजारीच होते. पण मागच्या सीटवर सासूबाई बसल्या.

"नऊ किलोमीटर, सत्तर मिनिटं," त्या म्हणाल्या. "आता पावणेआठ."

"आई, जरा पळवली तर—"

"पावणेआठ म्हटलं ना. हळू. अजून. आता चांगली चालतेय."

पुढचा तास-सव्वा तास जावयाने एवढंच ऐकलं. वळणावर हळू, उतारावर हळू, सिग्नलच्या अठ्ठावीस सेकंदांनंतर थोडी वर, पुन्हा हळू. मागे वळून बघायची सोय नव्हती, पण एकदा त्याने आरशात बघितलं. सासूबाईंचे डोळे घड्याळावर होते आणि ओठ हलत होते. आपण आरशात दिसतोय हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "समोर बघा."

दाहिनीच्या फाटकात पुढचं चाक शिरलं तेव्हा घड्याळबाईंनी हात वर केला. "अकरा, शून्य, शून्य. दंड शून्य."

जावयाचे डोळे भरून आले. खुर्ची आता हाताच्या अंतरावर होती. तेवढ्यात पायऱ्यांवरून मेहुणा धावत आला.

"दाजी, फोन का कापता तुम्ही?"

"का? काय झालं?"

"आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनीच पोचलो. कारकून म्हणाला, साडेनऊची वेळ रिकामी आहे, हवी का? म्हटलं, आईला ताटकळत ठेवायला नको, घेऊन टाकू. तुम्हाला तीनदा सांगायला बघितलं."

"मग?"

"मग काय. साडेनऊला पुकारा झाला."

खिडकीतल्या कारकुनाने वही फिरवून दाखवली. सासऱ्यांच्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं: 'मयत गैरहजर.' अकराची वेळ दुसऱ्यांना गेली होती. ते लोक वेळेवर आत चालले होते.

"अहो, आता आलेत ना ते," जावई म्हणाला.

"आता आले. पुकारलं तेव्हा नव्हते. पुढची वेळ परवा सकाळी नऊ."

"तीस वर्षांत सेकंद चुकले नाहीत हो ते," घड्याळबाई म्हणाल्या.

"इथे पहिल्यांदाच आलेत ना," कारकून म्हणाला. "होतं असं."

सात नंबर खिडकीशी घुटमळत होता. आपण पहिले पोचल्याचा काही कागद मिळेल का, असं तो केव्हापासून विचारत होता. शेवटी कारकुनाने कंटाळून एका चिठ्ठीवर वेळ घालून दाहिनीचा शिक्का मारून दिला.

"तुमच्यामुळे झालं," जावई मेहुण्याला म्हणाला.

"माझ्यामुळे? निरोप कोणी धाडला? रॅली म्हणजे रॅली."

"किल्ली माझ्याकडेच राहील," सासूबाई म्हणाल्या, आणि फळीवरची चादर वाऱ्याने उडाली होती ती नीट करायला गेल्या.

परवा कोणी आलं नाही. तिघंच होते, दुसऱ्या शववाहिकेतून पावणेनऊला आलेले. दाहिनी तापलेली होती, पहिलाच नंबर होता, आणि मागच्या वेळचं प्रकरण आठवून कारकुनाने या वेळी जरा आपुलकी दाखवली. बाहेर ताटकळू दिलं नाही. लोखंडी दार बंद झालं तेव्हा सासूबाईंनी घड्याळ बघितलं. आठ छप्पन्न.

हिशेब पूर्ण व्हायला आणखी आठवडा गेला. सात नंबरने शिक्क्याची चिठ्ठी चौकटीत बसवली. बंदरवाल्यांनी जुन्या मोटरसायकलला पहिलं बक्षीस दिलं आणि तंबू काढले. मेहुणा फरश्यांकडे परतला. शववाहिकेचा क्लच जावयाने स्वतः बसवून दिला, दोन दिवस गाडीखाली पाठ टेकून. खाली पडल्या पडल्या त्याला खुर्चीचे चार पाय दिसत, आणि त्यांच्यामध्ये सासूबाईंचे दोन.

सासऱ्यांची वही सासूबाईंच्या मांडीवर होती. जुन्या रॅल्या, दोघांची नावं, वेळा, दंड. पानंच्या पानं शून्यं. शेवटच्या पानावर त्यांनी काहीतरी लिहिलं, तेव्हा जावयाने गाडीखालून मान बाहेर काढली.

"काय लिहिताय, आई?"

"चार मिनिटं लवकर. दोनशे चाळीस सेकंद, दुप्पट. चारशे ऐंशी."

"आता कसला दंड? ते तर गेले."

"जोडीच्या नावावर पडतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आकड्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "तो क्लच नीट घट्ट करा."