दालचिनीचा डबा

"आता मीठ कुठंय, तेही टपाल खात्यालाच विचारावं लागणार," विनोना फडताळात डोकं घालून पुटपुटली.

तिचा नवरा लेलँड टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू अकारविल्हे लागत होती. तो तिच्या पाठीशीच उभा होता. "दालचिनीचा डबा दिसत नाही."

"संपली दालचिनी. तू आज डबा शोधायला जाणार होतास ना? जा बाबा."

हा डबा वेगळा, एका खेळातला. कोणीतरी तो रानात लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर जाहीर करायचे. शोधणाऱ्याने आतल्या वहीत सही करून डबा होता तिथे ठेवायचा. सही नाही तर शोध नाही. कालच वाळवंटातल्या बंद पडलेल्या चांदीच्या खाणीपाशी नवा डबा जाहीर झाला होता. याआधी धरणापाशी आणि पुलाखाली डबे सापडले, पण वहीत आधीच दुसऱ्यांच्या सह्या होत्या; लेलँड आयुष्यात कशातच पहिला आला नव्हता. निदान या वहीत तरी पहिली सही त्याला हवी होती. 'खाणीकडे. चारला परत,' अशी चिठ्ठी फ्रिजवर लावून तो एकटाच निघाला.

तीन तास वाळू तुडवली. गुडघा करकरला, बुटात काटे शिरले. खाणीच्या जाळीबाहेर तिसऱ्या दगडाखाली हिरवा रंग फासलेला डबा मिळाला. वही कोरी! लेलँडने खिसा चाचपला. पेन्सिल फ्रिजवर, चिठ्ठीशेजारी.

कोणाच्या तरी विझल्या शेकोटीतल्या कोळशाने 'ले' काढला, तर पान फाटलं. सॉसच्या पुडीने लिहिलं, तर मुंग्या आल्या आणि सही घेऊन गेल्या. घरी जाऊन परत यायला गुडघा तयार नव्हता; शिवाय पाठ वळली की दुसराच कोणी सही ठोकणार. फोनला रेंज नव्हती. डबा मांडीवर घेऊन तो पेन्सिलवाल्या माणसाची वाट बघत बसला. चार वाजले. पाच वाजले.

साडेपाचला टेकडीमागे गाडी थांबली. विनोना तरातरा थेट तिसऱ्या दगडापाशी आली. हातात पेन्सिल.

"कर सही आणि चल."

"इथे गाडी येते?"

"मागून रस्ता आहे. दहा मिनिटांचा."

"तुला कसं माहीत?"

तिने नुसती पेन्सिल पुढे केली. लेलँडने डबा नाकाशी नेला. दालचिनी.

"धरणापाशी सापडलेला?"

"जायफळाचा."

"पुलाखालचा?"

"मिऱ्याचा. रंगवून रंगवून हात दुखले माझे."

"म्हणजे मला घराबाहेर काढायला..."

विनोना त्याच्या शेजारी धपकन बसली. "तू दिवसभर घरात असलास की मला श्वास घेता येत नाही, लेलँड. आणि आज चाराचे पाच झाले, तेव्हाही घेता येईना."